चौघांत तीन भजी

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे मंगळवार दिनांक २६ मार्च २०२४ रोजी, सकाळी अकराच्या सुमारास कोपरीत गमऱ्यांच्या दारापाशी रिक्षा थांबली आणि तिच्यातून पुस्तकांचे सहा गठ्ठे उतरले. रंगूबाईंनी पलंगाखालची जागा आदल्या दिवशीच झाडूनपुसून ठेवली होती. तिथल्या डब्यांना माळा दाखवला होता.

कुंडलिकराव गमऱ्यांनी एका गठ्ठ्याची सुतळी स्वतः सोडली. कात्री नको म्हणाले. वरचं पुस्तक काढलं, नाकाशी नेलं, पानांवरून अंगठा फिरवला.

"शाई चांगली वापरलेय," ते म्हणाले.

वाचता मात्र आलं नाही. काचबिंदूनं उजवा डोळा नेलाच होता, आणि डाव्यानं एखाद्या नळीतून पाहावं तेवढंच दिसत होतं. मुखपृष्ठावरची ठळक अक्षरं एकेक करून लागत. आतला बारीक मजकूर म्हणजे नुसती मुंग्यांची रांग. "आहे ते टिकवायचं बघू, गेलेलं येणार नाही," असं डॉक्टर फेब्रुवारीत म्हणाले होते. दिवाळीपर्यंत टिकेल का, या प्रश्नावर त्यांनी कागद चाळले होते.

मुखपृष्ठावर होतं: ‘ए.पी.एल. : सर्वांसाठी एक गणिती संगणक-भाषा. लेखक – कुंडलिक धो. गमरे.’ पानं चौसष्ट. प्रती तीनशे.

"एक माणूस," कुंडलिकराव म्हणाले.

"काय?"

"जास्त नको रंगू. एका माणसानं हे वाचून शिकावं आणि मला येऊन सांगावं, मला आलं. डोळे आहेत तोवर. तोंड बघायचंय मला त्याचं."

 रंगूबाईंनी उरलेले पाच गठ्ठे पायानं पलंगाखाली सरकवले, आणि पुस्तकाला पाय लागला म्हणून वाकून हात लावून घेतला.

खेड तालुक्यातल्या बौद्धवाडीतून कुंडलिक ठाण्याला आला तो १९६९ साली, अठराव्या वर्षी. वागळे इस्टेटमधल्या एका रंगाच्या कंपनीत पिंपं उचलायला लागला. राहायला कोपरीतली चाळ. शेजारच्या खोलीत दौलत सर राहायचे, नुकते शिक्षक झालेले, वयानं चार वर्षांनी मोठे. या हुशार पोरानं पिंपं उचलत आयुष्य काढू नये, असं त्यांच्या मनानं घेतलं. रोज संध्याकाळी नळाच्या ओट्यावर पाटी घेऊन बसवायचे. रंगूबाई १९७४ साली लग्न होऊन आल्या, तेव्हा त्यांनी नवऱ्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलेला मंत्र होता ‘कंचेभागुबेव’. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. गणितात आधी काय सोडवायचं आणि नंतर काय, याचा क्रम. नवरा भाकरी मोडतानासुद्धा ते पुटपुटायचा. सर ओरडायचे, "कुंडलिक, बेरीज आधी केलीस तर मी तुझी पाटी फोडीन!" १९७६ साली कुंडलिक बाहेरून मॅट्रिक झाला. गणितात एकोणऐंशी गुण पडले. चाळीत पेढे सरांनी वाटले.

त्या गुणांवर पिंपं सुटली आणि कचेरी मिळाली. पुढे १९८४ साली कंपनीच्या परदेशी भागीदारांनी रंगांची मिश्रणं काढायला एक यंत्र पाठवलं, आणि त्याबरोबर एक इंजिनियर. यंत्राला एक वेगळीच भाषा कळायची. तिच्यात शब्द जवळजवळ नव्हतेच, चिन्हं होती. गोल, त्रिकोण, आकडे, मध्येच ग्रीक अक्षरं. मूळ एका प्राध्यापकानं ती फळ्यावर गणित थोडक्यात मांडायला काढली होती, यंत्र तिला मागाहून जोडलं गेलं. कचेरीतले लोक कुंडलिकरावांना चिडवायचे, "काय गमरे, मोडी लिहिताय का?" पण जे हिशोब तीन कारकून दोन दिवस करायचे, ते त्या भाषेत एका ओळीत व्हायचे. एक आकडा द्या किंवा आकड्यांचा आख्खा तक्ता द्या, ओळ तीच. इंजिनियर वर्षभरात परत गेला. जाताना जाडजूड माहितीपुस्तक आणि कळफलकावर चिकटवायच्या चिन्हांच्या चिकटपट्ट्या मागे ठेवून गेला. पुढची तेरा वर्षं ती भाषा त्या आख्ख्या इमारतीत एकट्या कुंडलिकरावांना येत होती. १९९८ साली कंपनीला टाळं लागलं. लोकांनी खुर्च्या नेल्या, पंखे नेले. हे चिकटपट्ट्या घेऊन आले.

त्या भाषेची एक गंमत होती. तिथे कंचेभागुबेव नाही. आधी गुणाकार मग बेरीज, असा मानपानच नाही. ओळीत उजवीकडे जे असेल ते सगळं आधी सोडवायचं, मग डावीकडे सरकायचं. हे कुंडलिकरावांना पहिल्यांदा उमगलं ते कचेरीत नव्हे, घरात जेवताना. रविवार होता. पानावर ते दोघं आणि दोन्ही मुलं. रंगूबाई वाढता वाढता मोजत होत्या, "चौघं जण. दोन पुऱ्या, तीन भजी." त्यांनी तळलेली भजी बरोब्बर बारा होती आणि पुऱ्या आठ.

"किती झालं सगळं मिळून?" कुंडलिकरावांनी विचारलं.

"वीस. का, कमी पडलं?"

"तू कसं मोजलंस? आधी एका पानाचं केलंस ना, दोन आणि तीन पाच? मग चार पानं?"

"मग आणखी कसं मोजतात?"

कुंडलिकराव हात खरकटा तसाच ठेवून हसत सुटले होते. चार गुणिले दोन अधिक तीन. शाळेच्या हिशोबानं अकरा, त्या यंत्राच्या हिशोबानं वीस, आणि बायकोच्या हिशोबानंही वीस. माणूस बोलतो तशी ही भाषा वाचते, असं त्यांनी तेव्हा सांगितलं होतं. रंगूबाईंनी आणखी एक पुरी वाढली होती.

नातवंडांच्या मोबाइलवर ती भाषा आता फुकट चालते, हे त्यांना २०२१ साली कळलं आणि त्यांनी पुस्तक लिहायला घेतलं. मराठीत, साध्या माणसासाठी. पहिला धडा पुऱ्या-भज्यांचा, दुसरा विहारातल्या खुर्च्यांचा. नजर जात होती तसतशी अक्षरं मोठी होत गेली. शेवटच्या वहीत एका पानावर चार ओळी मावत. छापखान्यानं मुद्रितं काढून दिली तेव्हा ती तपासायला डोळेच उरले नव्हते. दौलत सर आता डोंबिवलीला राहतात, एकतीस वर्षं शिकवून निवृत्त झालेले. ते स्वतः येऊन मुद्रितं घेऊन गेले. तीन आठवड्यांनी छापखान्यात परस्पर पोचती केली आणि फोनवर म्हणाले, "झकास लिहिलंयस. किरकोळ दुरुस्त्या होत्या, त्या मी पाहिल्या. आता निर्धास्त राहा."

फोन ठेवल्यावर कुंडलिकराव बराच वेळ चष्मा पुसत बसले होते.

चौदा एप्रिलला विहाराबाहेर पुस्तकांचे स्टॉल लागतात. त्यातल्या एकावर कोपऱ्यात जागा मिळाली. कुंडलिकराव पांढरा सदरा घालून सकाळी नवापासून उभे. पुस्तक फुकट होतं. गर्दी होती, पण ती पुढच्या टेबलांवर.

एका तरुणानं पुस्तक उचललं. "काका, यात जॉब लागतो का?"

"नाही."

"मग शिकून काय करायचं?"

"विचार नीट करता येतो."

"तो काय, फुकटात पण होतो," म्हणून त्यानं पुस्तक उलटं ठेवलं.

दिवसभरात काही प्रती गेल्या. बऱ्याच जणांनी मान राखायला घेतल्या, हे रंगूबाईंना दिसत होतं. कुंडलिकरावांना दिसत नव्हतं, ते बरंच होतं. संध्याकाळी समोरच्या खोलीतली संचिता आली. वय बत्तीस, वागळे इस्टेटमध्येच एका कचेरीत दिवसभर संगणकात आकडे भरते. तिनं पुस्तक उघडून खरोखर वाचलं, उभ्यानंच, दोन पानं.

"काका, मला येईल हे? गणितात कायम काठावर पास व्हायचे मी."

"तुलाच येईल," कुंडलिकराव म्हणाले. "तुझ्यासाठीच लिहिलंय."

घरी परतताना ते रंगूबाईंच्या खांद्यावर हात ठेवून चालत होते आणि दोनदा म्हणाले, "ती वाचणार बघ."

एप्रिल गेला, मे गेला. संचिता दिसायची, पण घाईत. गॅलरीत रंगूबाई दिसल्या की फोन कानाला लावायची. कुंडलिकराव तिच्या चपलांचा आवाज ओळखायला लागले होते. दार वाजलं की मान तिकडे. "शिकायला वेळ लागतो," ते म्हणायचे. कोणी विचारलेलं नसायचं.

जूनच्या मध्यावर एका संध्याकाळी ती आली. हातात रंगूबाईंचा कधीचा राहिलेला डबा, आणि डब्यावर पुस्तक.

"काकू, हे पण ठेवते हं."

"कोण, संचिता?" आतून आवाज आला. "ये ये. कुठल्या धड्यापर्यंत आलीस?"

संचिताने रंगूबाईंकडे पाहिलं. रंगूबाईंनी पदरानं उगाच डबा पुसला.

"काका, खोटं नाही बोलत. पहिल्याच धड्यात अडकलेली मी. तीन दिवस ट्राय केलं. माझं डोकंच नाय चालत, शाळेत बाई बोलायच्याच."

"काय अडलं ते सांग ना."

"ते पुऱ्या-भज्यांचं. मोबाइलवर तसंच्या तसं टाकलेलं, चार गुणिले दोन अधिक तीन. पुस्तकात उत्तर अकरा आहे. माझं दर वेळी वीस येतं. पुसून पुसून टाकलं हो, वीसच. मग बोलले, जाऊ दे."

कुंडलिकराव पलंगावर सरळ झाले. "काय आहे पुस्तकात?"

"अकरा."

"वाच. वरपासून वाच."

संचिता वाचू लागली. "‘चार माणसांना प्रत्येकी दोन पुऱ्या, आणि शिवाय तीन भजी. एकूण पदार्थ किती?’"

"चौघांत तीन भजी?" रंगूबाई मध्येच म्हणाल्या. "कोणाच्या घरी?"

"थांब. त्याच्या वरचं वाच. नियम लिहिलाय तो."

"‘या भाषेतही आपला कंचेभागुबेवचाच नियम चालतो.’"

कुंडलिकरावांनी हात पुढे केला. संचिताने पुस्तक दिलं. त्यांनी ते डोळ्याजवळ नेलं, आणखी जवळ नेलं, खिडकीकडे वळवलं. मग मिटून मांडीवर ठेवलं.

"संचिता, वीसच बरोबर आहे. तुला आलं होतं. पहिल्याच दिवशी आलं होतं. चूक पुस्तकाची आहे."

संचिता हसली. आजारी माणसाच्या उशापाशी बसून हसतात तसं. "असू दे हो काका. तुम्ही एवढं लिहिलंत, तुमचं चुकणार होय? माझंच काहीतरी असेल. मी आता इंग्लिश स्पीकिंगचा क्लास लावलाय, तो तरी पूर्ण करते."

"अगं, खरंच सांगतोय—"

"येते काकू. कुकर लावलाय."

तिच्या चपलांचा आवाज समोरच्या दारापर्यंत गेला. कुंडलिकरावांनी तिचं तोंड पाहिलंच नव्हतं. बोलताना ती नळीच्या बाहेर उभी होती.

शनिवारी, २२ जूनला, दोघं डोंबिवलीला गेले. दौलत सर घरात एकटेच होते. त्यांनी स्वतः चहा टाकला, बिस्किटं काढली आणि विषय निघायच्या आतच कपाटातून प्लॅस्टिकची पिशवी आणली. तिच्यात मुद्रितांची प्रत होती, लाल शाईनं तपासलेली. त्यांनी ती जपून ठेवली होती, विद्यार्थ्याचा पेपर ठेवावा तशी.

"आज आलायस तर सांगूनच टाकतो," सर म्हणाले. "एक्केचाळीस चुका होत्या रे. उत्तरं चुकलेली, काही ठिकाणी उदाहरणाचे शब्दच उत्तराला न जुळणारे. तुझी चिन्हं मी तशीच ठेवली, त्यातलं मला कळत नाही. पण आकडे कळतात. तेव्हा बोललो नाही. म्हटलं, डोळ्यांमुळे झालंय, याला कशाला दुखवा?"

"सर," कुंडलिकराव म्हणाले, "त्या भाषेत थोडं वेगळं असतं."

"काय वेगळं?"

"उजवीकडून सोडवायचं. गुणाकार आधी नाही. दोन अधिक तीन पाच, मग चार पाचे वीस."

सरांनी चष्मा काढला. मग एखाद्या मागच्या बाकावरच्या मुलाशी बोलावं तितक्या मायेनं म्हणाले, "भाषा वेगळी असेल कुंडलिक. आकडे कुठल्या भाषेचे असतात? नळाच्या ओट्यावर काय सांगितलं होतं मी तुला?"

कुंडलिकरावांनी कप खाली ठेवला.

"काय सांगितलं होतं?"

"पाटी फोडीन म्हणाला होतात."

"मग!" सर मोठ्यानं हसले, आणि हसता हसता त्यांना खोकला आला. पेला उचलून ते दोन घोट पाणी प्यायले. "एकतीस वर्षांत किती मुलांना घोकून घेतलं ते. गेल्या महिन्यात एक जण भेटला बाजारात, साठीचा झालाय. नाव आठवेना त्याचं. पण पाया पडून म्हणाला, सर, कंचेभागुबेव. माझं तेवढंच राहिलंय बघ मागे. ते एके ठिकाणी चालत नाही म्हणतोस?"

रंगूबाईंच्या अगदी ओठावर आलं होतं, की सर, भजी बारा होती, मी स्वतः तळली होती. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. कुंडलिकराव मान खाली घालून बशीतलं बिस्किट चाचपत होते.

"नाही सर," ते म्हणाले. "माझंच चुकलं असेल. डोळे असे. तुम्ही होतात म्हणून पुस्तक निभावलं."

"अरे, माझं कामच ते," सर म्हणाले, आणि निघताना त्यांनी कुंडलिकरावांना दारापर्यंत हात धरून आणलं.

खाली रस्त्यावर आल्यावर रंगूबाई म्हणाल्या, "का नाही सांगितलंत?"

"सांगितलं ना. एकदा सांगितलं."

विहारात आणि ओळखीपाळखीत वाटून पलंगाखाली एकशे सत्तर प्रती उरल्या होत्या. बाहेर गेलेल्यांचं काय करायचं, हे कोणालाच सुचण्यासारखं नव्हतं. त्या कोणी उघडतही नसणार, आणि उघडल्या तर आणखीच वाईट. या घरातल्या तरी दुरुस्त करू, असं कुंडलिकरावांनी ठरवलं. एका प्रतीत एक्केचाळीस जागा. लिहिलेल्या वह्या छापखान्यात गहाळ झाल्या होत्या; सगळं मूळ त्यांना पाठ होतं, पण पुस्तकात कुठे काय बदललंय ते दिसत नव्हतं.

"मी करू का?" रंगूबाईंनी विचारलं. त्यांची चौथी झाली होती. पेपर त्या रोज वाचत. "तुम्ही सांगा, मी लिहिते."

"चिन्हं आहेत गं त्यात. तुला नाही कळायची."

रंगूबाई स्वयंपाकघरात गेल्या.

त्यांनी नातवंडांकडून एकदा पुस्तक वाचून घेतलं आणि बदललेल्या जागा बोटांनी मापून पाठ केल्या. मग रोज जेवण झालं की ते खिडकीपाशी बसत. जाड निळं पेन, मांडीवर पाट, पाटावर पुस्तक. पानं बोटांनी मोजत, सातव्या पानावर थांबत, वरून किती बोटं खाली ते मापून अकरा खोडत आणि वीस लिहीत. मग नियमाचं वाक्य. मग नवव्या पानावरच्या खुर्च्या. जुलैत दिवसाला एक प्रत होत होती. ऑगस्टमध्ये एक प्रत दोन दिवस पुरायला लागली. झालेलं पुस्तक ते रंगूबाईंकडे द्यायचे.

"बघ गं. जागेवर आलंय का?"

सुरुवातीला येत होतं. श्रावण सरता सरता ‘वीस’ समासात जायला लागलं. मग चित्रातल्या ताटावर. एकदा दोन पानं एकदम उलटली गेली, आणि धड्याच्या नावाखाली, कोऱ्या जागेत, मोठ्या ठाम अक्षरात एकटाच वीसचा आकडा.

"आलंय," रंगूबाई म्हणाल्या.

"ओळीत आहे ना?"

"ओळीत आहे."

दुपारी ते आडवे झाले की त्या ती प्रत स्वयंपाकघरात न्यायच्या. ओट्यावर ठेवून, चष्मा लावून, सातव्या पानावरचे अकरा स्वतः खोडायच्या आणि शेजारी नीट वीस लिहायच्या. ‘शिवाय’ खोडून भजीही ‘प्रत्येकी’ करायच्या. वरचं वाक्य खोडून लिहायच्या, ‘उजवीकडचं आधी.’ चौथीतलं अक्षर, पण स्वच्छ. पहिला धडा त्यांना पुरता येत होता. कोणी विचारलं असतं तर त्यांनी तो समजावूनही सांगितला असता.

दुसऱ्या धड्यापाशी मात्र त्या थांबायच्या. ‘विहारात दहा खुर्च्या होत्या. तीन नेल्या, मग आणखी दोन नेल्या. उरल्या किती? १०−३−२. उत्तर पाच.’ यात खोट काहीच दिसत नव्हती. दहातून तीन गेल्या, दोन गेल्या, पाच. पण लाल शाई इथेही लागली असणार, कारण हा नवऱ्याचा बोलण्याचा ढंग नव्हता. जुलैतल्या प्रतींत त्यानं तिथे नुसते नऊ लिहिले होते, पण नऊ कसे? मूळ खुर्च्या कुठे गेल्या होत्या? परत आल्या होत्या का? विचारायला माणूस पलीकडच्या खोलीत झोपलेला होता. त्याला विचारलं असतं तर त्यानं लगेच सांगितलं असतं, आनंदानं सांगितलं असतं, पण पाठोपाठ विचारलं असतं, "का गं? मी नाही का तिथे दुरुस्त केलेलं?"

म्हणून त्या पुस्तक तिथेच मिटायच्या.

ऑक्टोबरच्या नऊ तारखेला, बुधवारी, कुंडलिकरावांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "रंगू, दिवा लाव गं जरा."

दुपारचे अडीच वाजले होते. खिडकीतून पाटावर ऊन पडलं होतं.

रंगूबाई उठल्या, बटण खाली केलं आणि म्हणाल्या, "लावला."

"हां. आता बरं," ते म्हणाले, आणि मांडीवरचं पुस्तक त्यांच्याकडे दिलं. "बघ, आलंय का?"

पुस्तक उलटं होतं. रंगूबाईंनी ते सुलटं केलं, पानं चाळली, आणि सांगितलं, "आलंय."